अंडं सकाळचं की घाईचं?

पॅरिसमधल्या साध्या घरात सकाळी टेबलावर पाव, लोणी, जॅम आणि कॉफी असते; अंडं नसतं. फ्रेंच माणसाचं ऑम्लेटवर प्रेम कमी नाही, पण ते तो दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात खातो. मधली चिंचोळी खाडी ओलांडून इंग्लंडात उतरलं की तेच अंडं भल्या सकाळी बशीत दिसू लागतं, शेजारी बेकनचे काप आणि भाजलेला टोमॅटो घेऊन. जपानमध्ये ते न शिजवताच गरम भातावर फोडतात आणि वर सोया सॉस घालतात, तेही सकाळीच. गोव्यात रस ऑम्लेटचे गाडे दिवेलागणीच्या सुमारास सुरू होतात. मुंबई-पुण्यात भुर्जीच्या तव्यावरची खडखड ऐकू येते ती रात्री.

एकाच अंड्याला इतक्या निरनिराळ्या वेळा कशा मिळाल्या? आणि तरीही 'अंडं म्हणजे ब्रेकफास्ट' ही समजूत जगभरातल्या हॉटेलांत इतकी घट्ट कशी बसली? सहसा उत्तर मिळतं ते प्रथिनांचं. एका मध्यम आकाराच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं असतात आणि ती पोटाला आधार देतात, हे खरंच आहे. पण ती रात्रीही तेवढीच असतात. शिवाय 'प्रोटीन' हा शब्द रसायनशास्त्रात आला १८३८ मध्ये. सकाळी अंडी खाणारी माणसं त्याच्या आधीपासून होती. म्हणून या सवयीचं मूळ शोधायला आधी खुराड्यात डोकावायला हवं, मग चुलीपाशी, मग चर्चच्या पंचांगात आणि शेवटी जाहिरातीच्या कचेरीत.

कोंबडीचं घड्याळ

आपली पाळीव कोंबडी ही आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबडीची वंशज. थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची पाळीव कोंबड्यांची हाडं सापडली आहेत. भातशेती पसरली तसा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीनं हा पक्षी माणसाच्या वस्तीजवळ आला, असं आता संशोधक मानतात. रानातली कोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. आपली गावरान कोंबडी पन्नास-साठ घालते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. आजच्या पोल्ट्रीतली लेगहॉर्न जातीची कोंबडी मात्र तीनशेच्या पुढे जाते.

अंडं तयार व्हायला कोंबडीला साधारण २५ तास लागतात. पिवळा बलक बीजकोशातून सुटला की त्याच्याभोवती पांढरा भाग चढायला सुमारे ३ तास, आतले पातळ पापुद्रे तयार व्हायला आणखी तासभर, आणि कवच घडायला सगळ्यांत जास्त, सुमारे २० तास. हे चक्र उजेडाशी जोडलेलं आहे. डोळ्यांतून आणि थेट कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा प्रकाश संप्रेरकांना जागं करतो, आणि बहुतेक कोंबड्या उजाडल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत अंडं घालतात. चक्र २४ तासांपेक्षा थोडं मोठं असल्यामुळे अंडं रोज जरा उशिरा येतं. ते फार दुपारवर सरकलं की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते.

म्हणजे कोंबड्या पाळणाऱ्या घरात अंडी गोळा करण्याचं काम सकाळच्या कामांत आपोआप बसतं. दाणे टाका, डालगं उचला, अंडी उचला. आज सकाळी मिळालेलं अंडं आजच खाल्लं नाही तरी बिघडत नाही. त्याच्या कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती झाकणारा एक पातळ नैसर्गिक थर असतो. न धुतलेलं अंडं त्या थरामुळे थंड हवेत दोन-तीन आठवडे सहज टिकतं. फ्रीज नसलेल्या काळात दूध नासायचं, मांस सडायचं, मासळीला वास यायचा. अंडं मात्र टोपलीत शांतपणे पडून राहायचं. आणि त्यासाठी जनावर मारावं लागत नव्हतं. एका माणसाला एक किंवा दोन, असा हिशेबही निसर्गानंच करून दिलेला.

चुलीपाशीही अंड्याची अशीच सोय. पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि बलक त्यानंतर थोड्याच वेळात. तापलेल्या तव्यावर दोन-तीन मिनिटांत खाणं तयार. डाळ भिजत घालायला नको, पीठ मळायला नको, लाकडंही थोडीच लागतात. युरोपातल्या शेतघरांत खारवलेलं डुकराचं मांस वर्षभर टांगलेलं असे. त्याचे काप तव्यावर टाकले की चरबी सुटे, आणि त्याच चरबीत अंडं तळलं जाई. बेकन आणि अंडं ही जोडी तशी जमली: एक टिकाऊ, एक तयार, दोन्हींना एकच तवा.

उपासाचं पंचांग

एवढी सोय असूनही शतकानुशतकं अंडं सकाळचं नव्हतं. प्राचीन रोममध्ये अंड्यानं सुरुवात व्हायची ती संध्याकाळच्या मुख्य जेवणाची, आणि शेवट फळांनी. सकाळी रोमन माणूस पाव आणि थोडं चीज यांवर भागवायचा.

मध्ययुगीन युरोपात तर सकाळी खाणंच कमीपणाचं मानलं जाई. तेराव्या शतकातला धर्मचिंतक टॉमस अक्वायनस यानं वेळेआधी खाणं हा खादाडपणाचा एक प्रकार सांगितला आहे. सकाळच्या खाण्याची सूट होती ती मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना. न्याहारी हे कष्टकऱ्याचं खाणं होतं. आपल्याकडेही बांधावर बसून भाकरी सोडणारा शेतकरी न्याहारी करी. पंगतीतल्या पानाचा मान तिला कधी नव्हता.

त्यात ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपास. पश्चिमेकडच्या चर्चनं या काळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य केली होती. कोंबड्यांना त्याचं काय? युरोपच्या हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो आणि कोंबड्या अंडी घालणं जवळजवळ थांबवतात. वसंतात उजेड वाढतो तशा त्या भरभरून घालू लागतात, आणि नेमका तोच काळ उपासाचा! म्हणून उपास सुरू होण्याआधी घरातली अंडी संपवायची रीत पडली. इंग्लंडात उपासाच्या आधीच्या सोमवारी बेकनचे काप आणि अंडी खात, मंगळवारी अंड्यांचे पॅनकेक करत. उपासाच्या काळात साठलेली अंडी मग ईस्टरला रंगवून वाटली जात. आज जगभर दिसणाऱ्या ईस्टरच्या रंगीत अंड्यांमागे कोंबडीचं घड्याळ आणि धर्माचं पंचांग यांची अशी गाठ आहे.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर इंग्लंडातले हे निर्बंध हळूहळू सैल झाले आणि सकाळी खाण्याचा कमीपणाही गेला. १६६९ मध्ये छापलेल्या सर केनेल्म डिग्बी यांच्या पाककृतींच्या पुस्तकात न्याहारीसाठी फोडून पाण्यात शिजवलेली दोन अंडी आणि कोरडे तळलेले बेकनचे काप सुचवलेले आहेत. जमीनदारांच्या वाड्यांत स्वतःच्या कोंबड्या, स्वतःची डुकरं. पाहुण्यांपुढे सकाळीच भरलेलं टेबल मांडणं ही तिथली ऐट झाली.

भोंग्याची वेळ

या ऐटीला घाई येऊन मिळाली ती औद्योगिक क्रांतीनंतर. शेतावरचा माणूस थोडं काम करून मग खाऊ शकत होता. गिरणी आणि कचेरी ठरलेल्या वेळी सुरू होऊ लागली, आणि घरातून निघण्यापूर्वी पोटात काहीतरी भक्कम जाणं गरजेचं झालं. मध्यमवर्गानं जमीनदारांच्या टेबलाचं अनुकरण केलं, पण नोकरचाकर आणि वेळ दोन्ही कमी. भाजलेले मासे, मूत्रपिंडं, गार मांस हळूहळू गळत गेलं. अंडी आणि बेकन उरलं. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात न्याहारीच्या पदार्थांची मोठी यादी आहे आणि त्यात उकडलेली अंडी, ऑम्लेट, बेकनबरोबरची अंडी ही सगळी आहेत.

इंग्लंडच्या कोंबड्या एवढी मागणी पुरवू शकत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स, डेन्मार्क आणि रशियातून पेट्या भरभरून अंडी येत. जो फ्रेंच शेतकरी स्वतः सकाळी अंडं खात नव्हता, त्याच्याच कोंबड्या लंडनची न्याहारी सजवत होत्या. फ्रान्समध्ये सकाळच्या घाईवर तोडगा आधीच निघालेला होता: कोपऱ्यावरची बेकरी. पहाटे भट्टीतून निघालेला ताजा पाव हाताशी असेल तर तवा तापवण्याचीही गरज नाही.

मला इथंच या कोड्याची किल्ली दिसते. अंडं मुळात घाईचं खाणं आहे. ज्या समाजात घाईची वेळ सकाळची असते आणि ती भागवणारं दुसरं काही आधीच हजर नसतं, तिथं अंडं सकाळचं होतं.

जपानचं उदाहरण यात नीट बसतं. तिथं इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं काही प्राण्यांचं मांस खाण्यावर बंदी घातली, आणि त्यात कोंबडीही होती. अंडी सर्रास खाल्ली जाऊ लागली ती एडो काळात. १७८५ च्या एका पाकपुस्तकात तर निव्वळ अंड्यांच्या शंभरावर कृती आहेत. गरम भातावर कच्चं अंडं ही पद्धत लोकप्रिय करण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले पत्रकार किशिदा गिन्को यांना दिलं जातं. सकाळचा भात घरोघरी शिजायचाच. त्यावर अंडं फोडलं की दुसरं कालवण करायला नको. मेक्सिकोतले हुएवोस रांचेरोस, म्हणजे टॉर्टियावर तळलेली अंडी आणि वर टोमॅटो-मिरचीचा रस, हेही शेतमजुरांचं सकाळच्या पहिल्या पाळीनंतरचं खाणं.

सवयीला धार लावणारे

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरी माणसाची न्याहारी हलकी होत चालली होती. बॅटल क्रीक या गावच्या आरोग्यधामातून जॉन हार्वी केलॉग यांनी धान्याचे पोहे, म्हणजे फ्लेक्स, प्रचारात आणले होते आणि १९०६ मध्ये त्यांच्या भावानं, विल कीथ केलॉग यांनी, कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. डब्यातून काढा, दूध ओता, निघा: घाईच्या शर्यतीत अंड्यालाही मागे टाकणारा स्पर्धक.

१९२० च्या दशकात बीच-नट या बेकन विकणाऱ्या कंपनीनं एडवर्ड बर्नेज यांना गाठलं. बर्नेज हे मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉईड यांचे भाचे आणि जनसंपर्काच्या धंद्याचे एक आद्य पुरुष. त्यांनी बेकनची जाहिरात केलीच नाही. त्यांनी एका डॉक्टरकडून ५,००० डॉक्टरांना पत्र पाठवून विचारलं की हलकी न्याहारी बरी की भरपेट. सुमारे ४,५०० जणांनी भरपेट न्याहारीच्या बाजूनं कौल दिला, असं बर्नेज पुढे सांगत. तो कौल वर्तमानपत्रांत छापून आला आणि भरपेट न्याहारीचं उदाहरण म्हणून बेकन आणि अंडी पुढे केली गेली. ही जोडी बर्नेज यांनीच शोधली असं आज पुष्कळदा सांगितलं जातं; ते बरोबर नाही, डिग्बी यांचं पुस्तक त्याच्या अडीचशे वर्षं आधीचं आहे. बर्नेज यांनी केलं ते असं की शेतकऱ्याच्या सोयीला डॉक्टरचा शिक्का मिळवून दिला.

त्याच सुमाराला कोंबडीचं घड्याळही माणसानं हातात घेतलं. खुराड्यात विजेचे दिवे लावले की हिवाळ्यातही कोंबडीला वसंत वाटतो. १९२२ मध्ये ड जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि खाद्यात माशाच्या यकृताचं तेल मिसळून कोंबड्यांना उन्हाशिवाय, घरात कोंडून ठेवता येऊ लागलं. ऋतूवर येणारं अंडं बारमाही झालं. रोज सकाळी अंडं खाण्याची सवय लाखो घरांत टिकायला हे आवश्यकच होतं.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात ताजं अंडं माणशी आठवड्याला एक, तेही मिळालं तर. बाकी अमेरिकेतून आलेली अंड्याची भुकटी. अंड्यांवरचं रेशनिंग १९५३ मध्ये उठलं, आणि १९५७ पासून तिथल्या अंडी विपणन मंडळानं अंडं खाऊन कामावर जा असं सांगणारी जी मोहीम चालवली, ती ब्रिटिश जाहिरातींच्या इतिहासात अजरामर झाली. तिच्या शब्दांतच भोंग्याची वेळ होती.

डॉक्टरांचा शिक्का नंतर उलटाही पडला. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला, कारण एका बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. पुढे लक्षात आलं की बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीनं जास्त वाढतं, आणि २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली गेली. ज्यांना मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांनी अंड्याला भिण्याचं कारण नाही.

आपल्याकडची वाट

भारताच्या रानांत तांबडी रानकोंबडी आजही आहे, आणि तरी आपल्या न्याहारीत अंडं नव्हतं. मनुस्मृतीनं द्विजांना ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरवला, आणि अनेक घरांत अंडं उंबऱ्याबाहेर राहिलं. ज्यांना निषेध नव्हता त्यांच्याकडेही ते सहज ताटात येत नसे. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणाऱ्या कोंबडीची निम्मी अंडी पिल्लांसाठी ठेवायची, उरलेली आठवडी बाजारात विकायची. घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून जे चार पैसे येत, ते या अंड्यांचे. त्यातून मीठ-मिरची यायची. पाहुणा आला किंवा मूल आजारी पडलं तरच अंडं चुलीवर चढे. सकाळची घाई भागवायला शिळी भाकरी आणि चटणी होती, कोकणात पेज होती, पुढे पोहे आणि उपमा आले.

सकाळचं अंडं इथं आलं ते साहेबाबरोबर. भल्या पहाटेच्या चहा-टोस्ट-अंड्याला 'छोटी हाजरी' हे नाव मिळालं. डाक बंगल्यात अवेळी उतरणाऱ्या अधिकाऱ्याला खानसामा झटपट देऊ शके ते ऑम्लेटच. साहेबाच्या बंगल्यातून ते सामान्य मराठी माणसापर्यंत आणलं मात्र इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान भागांतून आलेल्या या लोकांनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर हॉटेलं थाटली. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४ चं, पुण्याच्या डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. त्यांच्या धर्मबंधू पारशांच्या स्वयंपाकात आधीपासून अंड्याला मानाचं पान: कांदा-मिरची घातलेली मऊ अकुरी, आणि भेंडी, टोमॅटो किंवा बटाट्याच्या सळीवर फोडलेलं 'पर ईडू'. पहाटे पाळीवर निघालेला गिरणी कामगार, खानावळीचा सदस्य, एकटा राहणारा कारकून यांना डबल ऑम्लेट आणि पाव हा खिशाला परवडणारा आधार झाला. घरी अंडं चालत नव्हतं अशा कितीतरी मराठी मुलांनी पहिलं ऑम्लेट इराण्याच्या संगमरवरी टेबलावर खाल्लं. घरात परवानगी मिळाली तरी कढई वेगळी आणि स्टोव्ह गॅलरीत.

रोजच्या परवडण्याजोगं अंडं आलं ते आणखी नंतर. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ मध्ये कुक्कुटपालकांना एकत्र आणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. तिचं मुख्यालय पुण्यात. अंड्याचा भाव व्यापाऱ्यांच्या हातात होता. तो उत्पादकांनी ठरवावा ही या चळवळीची मूळ कल्पना. याच समितीनं रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा असं सांगणारी हिंदी जाहिरात दूरदर्शनवर आणली आणि अंड्याबद्दलचा संकोच पुष्कळ कमी केला.

तो संकोच किती खोल होता आणि ओढ किती खरी, याची खूण आजही मराठी स्वयंपाकघरात आहे. बेसनाच्या पिठात टोमॅटो, कांदा, कोथिंबीर घालून तव्यावर पसरलेल्या धिरड्याला आपण 'टोमॅटो ऑम्लेट' म्हणतो. त्यात अंड्याचा थेंब नाही. नाव आणि रूप घरात आलं, अंडं दाराबाहेर थांबलं.

आणि रात्रीची भुर्जी? ती सकाळच्या इंग्लिश ऑम्लेटची सख्खी बहीण आहे. एसटी स्टँडवर उशिरा उतरलेला प्रवासी, खोलीवर परतणारा विद्यार्थी, दुसरी पाळी संपवून आलेला कामगार, यांची घाईची आणि भुकेची वेळ रात्रीची. पाच मिनिटांत पोट भरेल असं गरम काहीतरी हवं, आणि गाडीवाल्याकडे ट्रेभर अंडी आहेत. जे काम लंडनमध्ये अंड्यानं सकाळी केलं, तेच इथं ते रात्री करतं.

२०२३-२४ मध्ये भारतात सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली, माणशी वर्षाला १०३. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस माणशी १८० ची, म्हणजे साधारण एक दिवसाआड एक. जपानी माणूस वर्षाला तीनशेहून अधिक खातो. सरासरी फसवी असते: ज्या घरातली मुलं चहा-बिस्किटावर शाळेत जातात, त्यांच्या वाट्याला १०३ सुद्धा येत नाहीत. जी अंडं खातात अशा घरांना माझं एवढंच सांगणं आहे की ते सकाळीच खावं हा नियम कोंबडीनं घातलेला नाही आणि शरीरानंही नाही. तुमच्या घरात घाई कधी असते ते पाहा. रात्री उकडून ठेवलेलं अंडं फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं; मुलाच्या डब्यात, शेतावरच्या भाकरीबरोबर, पाळीवरून परतल्यावर, कुठेही ते चालतं. जिथं वेळ कमी आणि भूक खरी, तिथं ते पोचलं पाहिजे.